नामदिनाला बोलावत नसतात

रीगा, १२ नोव्हेंबर

झाइगा,

मागच्या पार्सलमध्ये लोकरीचे मोजे होते. आवडले नसतील तरी चालेल, पण मिळाले की नाही तेवढं कळव. पोस्टातली बाई दर वेळी विचारते आणि मी दर वेळी 'मिळाले' म्हणून सांगते.

परवा तुझ्या बाबांचा नामदिन होता, कॅलेंडरातला त्यांच्या नावाचा दिवस. गेलेल्या माणसाचा नामदिन कसला करायचा, म्हणून मी काहीच केलं नव्हतं. गोड पाव भाजला नाही, पुढच्या खोलीत दिवासुद्धा लावला नाही. तुला आठवत असेल, तू राहतेस त्या आयर्लंडला ही रीत नसली तरी: नामदिनाला आपल्याकडे कुणाला बोलावत नसतात. ज्याला आठवण असेल त्यानं आपण होऊन यायचं आणि आलेल्याला घरच्या माणसानं जेवू घालायचं. परत पाठवायची सोय नाही. अंधार बघून जातील, असं मला वाटलं होतं. जिन्यावर बूट वाजले आणि गुंदार्स दाराबाहेरून ओरडला, "विक्स्नेबाई, दिवे गेलेत का? बल्ब आणू?"

गुंदार्स म्हणजे तोच, जेवतानासुद्धा टोपी न काढणारा. बाबांच्या अभ्यासवर्गातला सगळ्यांत लहान. आता विभागप्रमुख आहे. आता टोपी काढतो, पण खाली केस राहिलेले नाहीत.

त्याच्यामागे सगळा विभाग होता. जपानी शिकवणारे, चिनी शिकवणारे, आणि कोरियन शिकवणारी एक नवी मुलगी, जिनं आपल्या दारात बूट काढून ते भिंतीकडे टोकं करून ठेवले. मी घरात होता तो राय पाव कापला, जिरं घातलेलं चीज काढलं, डुकराच्या चरबीत वाटाणे परतले. खाता खाता गुंदार्स ग्लास घेऊन उभा राहिला.

"आपल्या या चिमुकल्या देशात पूर्वेकडच्या भाषांचा विभाग उभा राहिला," तो म्हणाला, "तो विद्यापीठात नाही, या स्वयंपाकघरात. तर हे घर आता जसंच्या तसं राहील. मास्तरांचं स्मृतिघर. आणि विक्स्नेबाई इथंच राहतील, त्या घराचा प्राण म्हणून."

सगळे उभे राहिले. दीर्घायुष्य चिंतायचं गाणं म्हणायची वेळ झाली, पण ते तुझ्या बाबांसाठी म्हणता येईना, म्हणून सगळे माझ्याकडे वळले आणि माझ्यासाठी म्हणाले. मी काही बोलले नाही. तोंडात पाव होता. त्यांनी तो होकार धरला.

मान मोठा आहे, असं सगळे म्हणतात. मी तुला बातमी म्हणून कळवते आहे.

आई

रीगा, २० जानेवारी

झाइगा,

इथं कामाला सुरुवात झाली आहे. लीवा नावाची विद्यार्थिनी रोज येते आणि वस्तूंवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवते. मुलगी गोड आहे, सर्दी झालेली असते. काल तिनं साखरेच्या भांड्याला चिठ्ठी लावली. मी म्हटलं, "अगं, त्यात साखर आहे."

"तीही राहू दे का?" तिनं विचारलं.

"मग मी चहात काय घालू?"

 संध्याकाळी ती स्वतःच्या पैशानं एक प्लास्टिकचा डबा घेऊन आली.

ती मला त्या सोव्हिएत काळाबद्दल विचारते. मी सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी उरलं नाही. बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात जपानी यंत्रं आली होती आणि त्यांची माहितीपत्रकं वाचणारा अख्ख्या रीगात एक तुझा बाप होता. दिवसा तो जाळी विणायच्या यंत्रांबद्दल लिहायचा. बुधवारी संध्याकाळी पडदे ओढून आपल्या स्वयंपाकघरात पाच-सहा पोरं बसायची. वह्या आणायच्या नाहीत असा त्याचा नियम होता. मेणकापडावर तो ओल्या बोटानं अक्षर काढायचा, पोरं बघायची, आणि चहा ओतून होईपर्यंत अक्षर वाळून जायचं. कुणी दार वाजवलंच, तर टेबलावर काही नाही. पोरं म्हणायची, मास्तर, पुन्हा काढा. तो म्हणायचा, तूच काढ.

आता त्या विभागात प्रवेशाला रांग लागते. निम्मी पोरं कोरियन गाणी ऐकून येतात, लीवा जपानी चित्रकथा वाचून आली. पहिल्या वर्षी निम्मी गळतात म्हणे. तुझ्या बाबांना हे आवडलं असतं. गळतात तेही आवडलं असतं.

ते मेणकापड आता काचेखाली भिंतीवर आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, 'यावर पौर्वात्य विद्येचे पहिले धडे गिरवले गेले.' अक्षर अर्थातच एकही नाही. डाव्या कोपऱ्यात लालसर डाग आहे, त्याच्याकडे पाहुणे बराच वेळ बघत राहतात. तो तुझ्या बिटाच्या सुपाचा आहे. तू पाच वर्षांची होतीस. मी लीवाला सांगितलं नाही.

रशियन आणि लाटवियन भाषांतरांचं एक कपाट माझं होतं. त्यातली मी सगळी वाचली आहेत, काही दोनदा. आता त्यालाही कुलूप आहे, कारण 'मास्तरांचा संग्रह'. किल्ली मागितली की मिळते, तसं काही नाही. पण मागावी लागते.

आई

रीगा, २ मार्च

झाइगा,

तुझा फोन नंबर बदलला आहे का? मी फोन केला नव्हता. सहज विचारते.

स्वयंपाकघर त्यांना त्या काळचं हवं होतं. माझी गॅसची शेगडी पांढरी आणि नवी, म्हणून ती काढली. गुंदार्सनं कुठल्या तरी खेड्यातून आपली तेव्हा होती तशीच जुनी शेगडी शोधून आणली, अगदी त्याच कंपनीचा छाप, तीच तुटकी कळ. मी डोळे भरून पाहिली. मग विचारलं, "हिला नळी कधी जोडणार?"

"जोडायची नाही, बाई. इतकी जुनी जोडायला परवानगी नाही."

"मग मी रांधू कशावर?"

"तुमच्या खोलीत विजेची शेगडी ठेवू ना. छान असते. मीही तीच वापरतो."

माझी खोली म्हणजे तुझी. बाकी सगळं घर दाखवायचं आहे. पुस्तकांच्या कपाटामागची तुझी जागा, घडीचा पलंग, छपराकडची खिडकी. तिथं मी सूप गरम करते आणि पलंगावर बसून खाते. बुधवारी पाहुणे येतात. कपाटापलीकडून लीवाचा आवाज येतो: "इथं मास्तर बसायचे. इथं विद्यार्थी बसायचे." कुणी हसलं की मला वाटतं माझ्यावर हसले. खोकला आला तर उशीत तोंड घालते. बाहेर जायचं तर त्यांच्या मधून जावं लागतं आणि मग सगळे उठून उभे राहतात, म्हणून मी बुधवारी चहा कमी पिते.

तुला या पलंगाची डावीकडची स्प्रिंग ठाऊक असेल. ती अजून तशीच टोचते.

बाबांची खुर्ची दोरीच्या आत आहे. संध्याकाळी सगळे गेले की मी पूर्वी तिच्या पाठीवर हात ठेवायचे, दिवसातून तेवढंच. आता हात पुरत नाही. दोरीखालून जाता येईल, पण या वयात दोरीखालून जाताना कुणी पाहिलं तर काय म्हणेल? आणि मी पाव अजून दोघांचा कापते. दुसरा तुकडा खिडकीत ठेवते, पाखरं येतात.

मी मजेत आहे.

आई

रीगा, १९ मे

झाइगा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत पहिलंच, आणि त्यावर एकच ओळ: 'आई, तुला तिथं राहायचंय का?'

मोज्यांबद्दल काहीच नाही.

उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मी ते तीन वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्यात गुंदार्सच जास्त आला. तर आधी गुंदार्सचंच सांगते.

ज्या समितीकडून घराला स्मारकाचा दर्जा मिळायचा आहे तिची अट अशी, की घरात कुटुंबातलं माणूस राहतं असलं पाहिजे. कुणी राहत नसेल तर ती नुसती जुनी जागा. त्यासाठी मी कायम इथंच राहीन असं लिहून द्यायचं आहे. ऑगस्टमध्ये उद्घाटन. जपानहून कुसानो नावाच्या प्राध्यापकबाई येणार आहेत, बाबांशी तीस वर्षं पत्रव्यवहार करणाऱ्या. त्यांच्यासमोर सही.

आन्सिसमामा ईस्टरला आला होता. कोल्का गावातलं घर त्यानं दुरुस्त केलंय, छप्पर नवं, समुद्राकडची खोली रिकामी. धूर दिलेले चपटे बुट्टे मासे वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. मी खोलीत ते सोलले, तर लीवा नाक दाबून आली, म्हणे वास पडद्यांत बसेल. आन्सिस तिला म्हणाला, "पोरी, तुमचे मास्तर मासळीच्या कारखान्यात होते. हाच तर त्यांचा खरा वास!" मग माझ्याकडे वळला. "ताई, तुला इथं पेंढा भरून ठेवणार आहेत. चल माझ्याबरोबर, गाडी खाली उभी आहे."

"आज?"

"मग काय, मासे संपल्यावर?"

मी हसले आणि गेले नाही. गुंदार्सला विचारून बघू म्हटलं. विचारलं. रागावला असता तर सोपं होतं. तो स्वयंपाकघरात त्या बंद शेगडीशेजारी बसला आणि टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, मी बारा वर्षांचा असताना माझा बाप आम्हाला सोडून गेला. मी या टेबलाशी वाढलो. तुम्ही गेलात तर हे सगळं नुसतं सामान होईल."

आता तूच सांग, यावर काय बोलायचं. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं याच टेबलावर माझ्या हातचं खाल्लंय. मी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून दिल्यात. त्याला नाही म्हणताना मला वाटतं, मी तुझ्या बाबांना पुन्हा एकदा घराबाहेर काढते आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर अजून दिलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

आई

रीगा, १३ ऑगस्ट

झाइगा,

काल बाबांच्या गावी दफनभूमीचा सण होता. उद्घाटन आज व्हायचं होतं. आधी कालचं सांगते.

सगळा विभाग बसनं आला. कुसानोबाई माझ्याहून लहानखुऱ्या, पांढरी हॅट, हातात पत्र्याची बादली आणि लाकडी पळी. बादली कशाला ते कळलं नाही. गावची मंडळी आपापल्या थडग्यांशी सकाळपासून लागली होती, फुलं, पाणी, दाताळी. शेजारचं थडगं सांभाळणारी म्हातारी ऑलगा तुला आठवत असेल, तिला कमी ऐकू येतं म्हणून जोरात बोलते. ती म्हणाली, "आलीस का गं! तुझ्या नवऱ्याला तर आज मिरवणूकच आलीय!"

वाळूवर दाताळं कसं फिरवायचं ते मी तुला लहानपणी शिकवलं होतं. दगडापाशी सुरू करायचं आणि मागं मागं येत रस्त्यावर निघायचं, म्हणजे आपली पावलं आपणच पुसत येतो. दाताळं फिरलेल्या वाळूवर मग कुणी पाय देत नाही. गुंदार्सला या वर्षी काही खास करायचं होतं. जपानी मंदिरांच्या बागेत वाळूवर रेघा ओढतात ना, तशा. दगडाभोवती वर्तुळं, एकात एक. विद्यार्थी आठवडाभर सराव करून आले होते. मी दगडापाशी वाकून फुलं लावत होते. मागे दाताळ्यांचा आवाज येत होता, छान एकसारखा. मला वाटलं, बाहेर यायला सांगतील.

नाही सांगितलं. वर्तुळं काढत काढत सगळे रस्त्यावर पोचले, उभे राहिले, आणि वळून पाहिलं तेव्हा मी मधोमध होते. फोटो निघाले. कुणाच्या तरी तोंडून 'आहाहा' आलं. लीवाचा हात तोंडावर गेला. गुंदार्स काही बोलणार इतक्यात बँड सुरू झाला आणि पाद्री आला.

प्रार्थना संपेपर्यंत मी तिथं उभी होते. बसायला बाक नाही, टेकायला फक्त दगड. आणि दगडावर, तुला माहीत आहे, तुझ्या बाबांचं नाव लावलं तेव्हाच माझंही कोरून घेतलं होतं, पुन्हा कारागीर बोलवायला नको म्हणून. नाव, जन्माचं साल, आणि एक आडवी रेघ. रेघेच्या पुढे गुळगुळीत. इतक्या जवळून इतका वेळ मी ते कधी वाचलं नव्हतं. पाद्री मृतांची नावं वाचत होता. माणसं माझ्याकडे किती आदरानं बघत होती! जणू मी तिथलीच.

बँड थांबला आणि त्या शांततेत ऑलगा ओरडली, "ए उर्झुला! तुला आत्तापासूनच तिथं ठेवून घेतलं की काय?"

सगळं गाव हसलं. पाद्रीही. आणि झाइगा, मीही हसले. दोन वर्षांत इतकी हसले नव्हते. पोटात दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, दगडाला धरावं लागलं.

रस्त्याच्या कडेला कुसानोबाई बादली धरून उभ्या होत्या. लीवानं सांगितलं, त्यांच्याकडे थडग्याच्या दगडाला पाणी घालतात, त्यासाठी त्यांनी ती आणली, पण आता दगडापर्यंत कसं जायचं ते त्यांना कळत नाही. त्यांनी गुंदार्सला अदबीनं विचारलं होतं, ही वर्तुळं कुठली रीत?

"तुमचीच," तो म्हणाला होता.

"आमच्याकडे थडग्यावर असं करत नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. "तुमचीच असेल असं मला वाटलं."

मग मी चालत बाहेर आले. सरळ, वर्तुळांवरून. वाळू भुसभुशीत होती, बूट खोल गेले.  गुंदार्स दाताळं घेऊन माझ्या पावलांमागे धावला. मी म्हटलं, "राहू दे."

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे रे. मला परत आत जायचंय."

कुसानोबाईंचा हात धरून मी आत गेले. बादली आम्ही दोघींनी धरली. त्या पळीनं दगडावर पाणी घालू लागल्या, वरून खाली, न बोलता. पाणी तुझ्या बाबांच्या नावावरून माझ्या नावावर आलं आणि दोन्ही काळी झाली, जशी मेणकापडावर ओली अक्षरं व्हायची. आम्ही बाहेर येईपर्यंत ऊन लागून वरचं वाळायला लागलं होतं.

बसमध्ये मी गुंदार्सशेजारी बसले. म्हटलं, "मी सही करणार नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "पाहुण्या आल्यात, बाई."

"त्यांना घर दाखव. पुस्तकं विभागात ने, पोरांना घरी न्यायला दे. चहा सांडू दे त्यांच्यावर. मी आन्सिसकडे जातेय."

"आणि मास्तर?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला लागलं असतं. मी एवढंच म्हटलं, "ते कुठं तिथं आहेत, गुंदार्स?"

 रीगाला उतरताना माझी पिशवी मात्र त्यानंच घेतली.

तू विचारलं होतंस. नाही. मला तिथं राहायचं नाही. नव्हतंही.

आई

कोल्का, २८ सप्टेंबर

झाइगा,

पत्ता बदलला आहे, पाकिटावर बघ.

समुद्र खोलीतून दिसतो आणि रात्रंदिवस बोलतो, पण त्याच्यासाठी उठून उभं राहावं लागत नाही. शेगडी लाकडाची आहे आणि पेटते. आन्सिस घोरतो. बाबांची आठवण इथंही तेवढीच येते. मला वाटलं होतं कमी होईल, किंवा वाढेल. तेवढीच आहे, सोबत आली.

स्मृतिघर झालं नाही. घरात आता कुणी तरुण जोडपं राहायला येणार आहे. लीवा लिहिते, पुस्तकं विभागाच्या मोकळ्या कपाटात लावलीत आणि दोन आधीच हरवलीत. गुंदार्स माझ्याशी बोलत नाही. माझं नाव निघालं की टोपी घालून बाहेर जातो म्हणे. त्याला वेळ लागेल, किंवा नाहीच जमणार. मी त्याला हिवाळ्यासाठी मोजे विणते आहे.

गेल्या आठवड्यात एक पार्सल आलं, आत चिठ्ठी नाही. मेणकापड, नीट गुंडाळी केलेलं, काच काढलेलं. अक्षर गुंदार्सचं, फक्त पत्त्यावर. मी ते टेबलावर घातलं. बिटाच्या डागावर सुपाचं पातेलं ठेवते.

तुझा घडीचा पलंग मी बरोबर आणला. आन्सिसनं टोचणारी स्प्रिंग काढून टाकली. पलंग समुद्राच्या बाजूला आहे. मी त्यावर झोपत नाही.

एकवीस ऑक्टोबरला माझा नामदिन. नामदिनाला बोलावत नसतात, तुला माहीत आहे. म्हणून मी बोलावत नाही. फक्त कळवते, की केशर घातलेला गोड पाव मी भाजणार आहे, मोठा, आणि पुढच्या खोलीत दिवा लावणार आहे.

आई